शक्ती ऐकून आलो आणि मेहुण्याशी वाजलं : जॅममध्ये नेमकं किती ठरलेलं असतं?

लोणावळा_लोकल (जानेवारी २०२३)

शक्ती या फ्युजन बँडच्या पन्नाशीच्या दौऱ्यातला मुंबईचा कार्यक्रम ऐकून आलो. कान अजून जागेवर नाहीत. गिटारला जॉन मॅकलॉफ्लिन, तबल्याला झाकीरभाई (झाकीर हुसेन), गायला शंकर महादेवन, व्हायोलिनला गणेश राजगोपालन (गणेश-कुमरेश जोडीतला) आणि खंजिरी, घटम, मृदंग, हाताला लागेल ते वाजवणारा सेल्वागणेश. मॅकलॉफ्लिनला याच महिन्यात एक्क्याऐंशी पूर्ण झाली. आमच्या घरात सत्तरीची मंडळी रिमोट सापडत नाही म्हणून दमतात, आणि हा बाबा गिटारवर त्या वेगाने पळतोय.

मला बोलायचंय ते नुसत्या वाद्यांच्या भागाबद्दल. शंकर महादेवन गातो झकास, वाद नाही. पण १९७५ च्या शक्तीत गायक नव्हताच, आणि मी तिकीट काढलं ते त्या शक्तीच्या ओढीने. मध्ये एका टप्प्यावर बाकीचे थांबले आणि तबला नि खंजिरी दोघंच उरले. सेल्वागणेशने खंजिरी उलटी केली, आतून कातड्यावर ओला हात फिरवला, दोन थापा मारून बघितल्या, परत थोडं पाणी. ताटलीएवढं वाद्य, पण त्यातून डग्ग्यासारखा घुमारा यायला लागला. मग सवाल-जवाब. हा चार आवर्तनं, तो चार. मग दोन-दोन, एक-एक, अर्धं, पाव, आणि शेवटी दोघं एकदम असे सुटले की कोण काय वाजवतोय कळेना. आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) दोघांचा मिळून एकच ठोका! शेजारच्या अनोळखी काकांनी माझ्याच मांडीवर थाप मारली.

एक्सप्रेसवेने परत येताना मेहुणा म्हणतो, "भावजी, हे सगळं पाठ करून आलेले असतात. दुसऱ्या गावातही हेच, इतकंच आणि इथेच हसले असणार." खालापूर टोलपर्यंत भांडलो. बहीण मागे झोपली होती, ती उठून दोघांना ओरडली.

तर वाजवणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी, दोघांनीही सांगा. वादक एकत्र जमून रंगात येऊन वाजवतात, ज्याला जॅम म्हणतात, त्यात किती ठरलेलं असतं आणि किती तिथल्या तिथे सुचतं? फक्त 'संगीत अनुभवायचं असतं, प्रश्न विचारायचे नसतात' हे नको. मिसळीची पैज लागली आहे.

चिंगूस

जागा पकडली. मिसळ कुठली त्यावर माझं मत अवलंबून.

तिरकिट

मेहुण्याला अर्धी मिसळ द्या.

मी अजून शिकतोय, तेव्हा उस्तादीचा आव नाही. पण साधा हिशेब सांगतो. तीनताल, सोळा मात्रा. पाच मात्रांचा एक तुकडा घ्या, शेवटचा 'धा' पाचव्या मात्रेवर. मग एक मात्रा रिकामी. परत तुकडा, परत एक रिकामी, परत तुकडा. ५+१+५+१+५ म्हणजे १७. समेपासून उचललीत तर तिसरा 'धा' बरोबर पुढच्या समेवर पडतो. ही झाली सगळ्यात बाळबोध तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणलेला तुकडा. स्टेजवर कोणी ही बेरीज करत बसत नाही, ती हातात मुरलेली असते. अशा शेकडो तिहाया, कायदे, रेले (तबल्याच्या बांधलेल्या रचना) पाठ असतात, त्यामुळे 'पाठ करून आलेत' हे मेहुण्याचं म्हणणं खरंच.

पण कुठली उचलायची, कधी उचलायची, समोरच्याने आडवं काही टाकलं तर त्याचं शेपूट धरून परत कसं द्यायचं, हे तिथलं. आमचे गुरुजी म्हणतात, साथीला बसताना पाठांतर घरी ठेवून कान घेऊन ये, आणि पाठांतर नसेल तर येऊच नकोस.

वामनपंडित

क्षमस्व, पण हा प्रकार मला कधीच मानवला नाही. सवाल-जवाब म्हणजे टाळ्या वसूल करण्याचा हुकमी मार्ग. आवर्तनं कमी होत जाणार, वेग वाढत जाणार, शेवटी धडाम, आणि प्रेक्षागृह उभं. यात उपज, म्हणजे तिथल्या तिथे सुचलेलं, ते कुठलं? खरी उपज ऐकायची तर विलंबित लयीत एकट्या सतारियाचा आलाप ऐकावा. तिथे लपायला जागा नसते. पाच जण एकत्र आले की प्रत्येकाला लपायला चार पाठी मिळतात.

चिंगूस

वामनपंडित आले, आता धागा शंभरी गाठणार. शेंगदाणे घेऊन बसलोय.

मैलापूरची_मावशी

वामनराव, नमस्कार. लग्न होऊन चेन्नईला आले तेव्हा मलाही असंच वाटायचं. इकडे कच्चेरीत (कर्नाटक संगीताच्या मैफिलीत) 'तनि आवर्तनम्' असतं, म्हणजे मुख्य कृतीनंतर मृदंग, घटम, खंजिरी यांनाच मोकळं रान. डिसेंबरच्या मोसमात नेमकी तेव्हाच निम्मी सभा कँटीनकडे पळते, कारण डोसा गरम मिळतो. मीही पळायचे. सासऱ्यांनी हाताला धरून बसवलं आणि हातावर ताल मोजायला शिकवलं. त्यानंतर डोसा गार खाल्ला, पण तनि सोडलं नाही.

लोणावळा_लोकल यांनी जे वर्णन केलंय, चार-दोन-एक-अर्धं, त्याला कर्नाटक पद्धतीत 'कुरैप्पु' म्हणतात. घटत जाणारे सवाल-जवाब. तो सांगाडा ठरलेलाच आहे, पिढ्यानपिढ्या. शेवटचा एकत्र तुकडा म्हणजे 'कोरवै', तोही बहुतेकदा आधी बांधलेला, नाहीतर दोघं एकदम वाजवणार कसे? मधलं बोलणं मात्र मोकळं. मृदंगवाल्याने पाचाच्या गतीत टाकलं की खंजिरीवाल्याला त्याच गतीत उत्तर द्यावं लागतं. तो सातात गेला की हाही सातात. यात लपायला जागा नसते हो वामनराव, उलट चुकलेला चारशे लोकांना कळतो, कारण निम्मी सभा हातावर ताल धरून बसलेली असते. (कँटीनला न गेलेली निम्मी.)

जाता जाता: मृदंगाच्या तंजावर परंपरेत नारायणस्वामी अप्पा हे मोठं नाव आहे, मराठी माणूस. आणि सरफोजीराजांच्या दरबारात पाश्चात्त्य बँडसुद्धा होता. तेव्हा फ्युजन फ्युजन म्हणून नाकं मुरडताना आपल्याच घराण्याकडे एक नजर टाकावी.

वामनपंडित

मावशी, नाक मुरडलं नव्हतं, फक्त उडवलं होतं. सरफोजींचा मुद्दा मान्य.

हलगीवाला_वाईचा

आवो तुमी सगळे मुंबई-मद्रास फिरून आला, पर घरातलं इसरला. तमाशात गणाच्या आदी ढोलकी आन हलगीचा सामना लागतो तो काय वेगळा हाय का? आमचे आजोबा फडात हलगीला व्हते. सवाल ढोलकीनं टाकायचा, हलगीनं परतवायचा, मग हलगीनं टाकायचा. कनातीभाईर लोकं चा पीत आसायची ती आवाज ऐकून आत पळायची. त्येच्यासाठीच तर त्यो सामना. तिकिट खपायला पायजे ना.

ठरल्यालं काय आसायचं? सुरवात आन शेवट. मधलं गावावर. पब्लिक तापलं तर अर्धा तास, न्हाय तापलं तर आटपा आन गण घ्या. आजोबा म्हनायचे, ढोलकीवाला मान वाकडी करून बगायला लागला की समजायचं, आता येक फेरी आन बंद.

आन त्या खंजिरीला पानी लावत्यात, हलगीला जाळ दावत्यात. चगळ पेटवून त्येच्यावर शेकायची, कातडं ताणलं की टणाटण बोलती. पावसाळ्यात लई हाल.

लोणावळा_लोकल

वा! हे डोक्यातच आलं नव्हतं. एकाला आवाज खाली आणायचा म्हणून पाणी, दुसऱ्याला वर चढवायचा म्हणून जाळ.

तिरकिट

आणि आम्ही मध्ये हातोडी घेऊन तबल्याचे गठ्ठे ठोकत बसतो, एसीचा झोत आला की परत ठोकतो. हलगीवाले, आजोबांचं काही रेकॉर्डिंग आहे का हो?

हलगीवाला_वाईचा

न्हाय. कोन करनार तवा. आत्याकडं येक फोटो हाय फकस्त.

बे_एरियातला_बंड्या

रोचक धागा. इकडचा अनुभव टाकतो.

अमेरिकेत 'जॅम बँड' ही वेगळीच जमात आहे, आणि तिचे चाहते म्हणजे आपल्या वारकऱ्यांचे चुलत भाऊ. गाव ते गाव बँडमागे फिरतात. ग्रेटफुल डेड हे मूळ पीठ. त्यांच्या कार्यक्रमात लोक रेकॉर्डर घेऊन यायचे, तर हाकलण्याऐवजी बँडने १९८४ पासून त्यांना वेगळी जागाच दिली, मायक्रोफोनचे दांडे उभे करायला. त्यामुळे एकाच गाण्याची वेगवेगळ्या रात्रींची रेकॉर्डिंगं ढिगाने उपलब्ध आहेत आणि लोक त्यावर वर्षानुवर्षं वाद घालतात, सत्त्याहत्तरच्या मे महिन्यातलं चांगलं की बहात्तरचं युरोपमधलं.

नंतरचा मोठा बँड फिश. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी लागोपाठच्या मुक्कामात तेरा कार्यक्रम केले आणि एकही गाणं परत वाजवलं नाही. मी त्यातल्या एकाला गेलो होतो. एका गाण्याचे शब्द चार मिनिटांत संपले आणि पुढे वीसेक मिनिटं नुसती वाद्यं. शेजारचा दाढीवाला वहीत वेळा टिपत होता. मी विचारलं, काय लिहितोस? तर म्हणाला, सूर कुठे बदलला ते. मला आमचे गोरेगावचे काका आठवले, सवाई गंधर्व महोत्सवात राग आणि बंदिश टिपणारे.

आणि हे दोन धागे जोडलेले आहेत बरं का. डेडचा ड्रमर मिकी हार्ट अल्लारखाँसाहेबांकडून (झाकीरभाईंचे वडील) लयकारी शिकला. झाकीरभाई इथे सॅन राफाएलच्या अली अकबर कॉलेजात शिकवायचे, त्यातून १९७६ मध्ये दिगा रिदम बँडची तबकडी निघाली, हार्ट आणि झाकीर दोघंही त्यात. पुढे प्लॅनेट ड्रमला ग्रॅमी, आणि त्यात घटमवर कोण? विक्कू विनायकराम, म्हणजे शक्तीचे मूळ घटमवादक आणि सेल्वागणेशचे वडील.

मूळ प्रश्न: मेहुण्याला सांगा, एकाच चिजेची दोन लाइव्ह रेकॉर्डिंगं शेजारी शेजारी ठेवून ऐक. जे दोन्हीकडे सारखं ते ठरलेलं. बाकीचं त्या रात्रीचं. यात वाद घालायचं कारणच उरत नाही.

चिंगूस

वाद घालायचं कारण उरत नसेल तर धाग्याचा काय उपयोग?

गोंयकार_बास

मी पणजीला हॉटेलात बास वाजवतो, आठवड्याच्या शेवटी जॅझ. बंड्याने सांगितलं ते बरोबर, पण आतून कसं दिसतं ते सांगतो.

कधी कधी ड्रमर नवा, पियानोवाला मुंबईहून आलेला, नाव सकाळी कळलेलं. तालीम शून्य. तरी रात्री दोन तास वाजतं, कारण त्याच चाली सगळ्यांना पाठ. बत्तीस बारची (बार म्हणजे साधारण आपलं आवर्तन) चाल, पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून ती वाजवायची, मग प्रत्येकाने आपापल्या फेऱ्या घ्यायच्या, स्वरांचा पाया तोच फिरत राहतो. मग चार-चार बारची देवाणघेवाण ड्रमरबरोबर, म्हणजे तुमचे सवाल-जवाबच. आणि शेवटी पुन्हा मूळ चाल. परतायचं कधी ते कसं कळतं? जो वाजवत असतो तो स्वतःच्या डोक्याला बोट लावतो. तेवढंच. लोकांना वाटतं त्याला खाज सुटली.

न्यूयॉर्कला हार्लेममध्ये मिंटन्स नावाची जागा होती, चाळीसच्या दशकात काम संपवून वादक रात्री तिथे जमायचे. थेलॉनियस मंक तिथे पियानोला असायचा. नवशिके नको असतील तर अवघड सूर आणि भलता वेग लावायचे, आपोआप गळायचे ते. तेव्हा जॅम म्हणजे सगळं प्रेमाने चाललेलं असतं असं नाही रे बाबांनो.

मॅकलॉफ्लिनबद्दल एक. जुन्या शक्तीत तो जी गिटार वाजवायचा ती खास बनवून घेतलेली होती. मूळ तारांच्या खाली तिरक्या बसवलेल्या सात तरफेच्या (न छेडता घुमणाऱ्या) तारा, आणि पडद्यांच्या मधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं, म्हणजे तार दाबून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढता येते. साध्या गिटारवर ते हरकत-मुरकीचं काम इतकं निघत नाही. आता तो इलेक्ट्रिक घेतो. माझं मत, जुनीचा आवाज गोड होता.

लोणावळा_लोकल

गोंयकार, आवाजाबद्दल सहमत. पण एक्क्याऐंशीव्या वर्षी जाड तारा दाबा म्हणून आग्रह तरी कसा करणार?

रंगभवनचा_राजा

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, धोबीतलाव, रंगभवन, पहिली जॅझ यात्रा. वरती आकाश, खाली आम्ही, खिशात परतीच्या लोकलपुरते पैसे. ते मैदान पुढे शांतता क्षेत्रात आलं नि संपलं. कॉलेज, इस्पितळ बाजूला, कायद्याने बरोबरच होतं. पण असले कार्यक्रम उघड्यावर आणि रात्री उशिरा रंगतात. सवाईसुद्धा पूर्वी रात्रभर चालायचं. आता दहाच्या काट्यावर भैरवी उरकायची म्हणजे कलाकाराचं निम्मं लक्ष घड्याळात. जॅममध्ये काय ठरलेलं असतं विचारता ना? संपायची वेळ! ती पोलीस ठरवतात.

मंजिरी_के

रंगभवन काका +१.

दोन पैसे माझे. मागच्या वर्षी आमच्या शहरात (नाव नको) एक फ्युजन रात्र होती. सतार, ड्रम, बास, कीबोर्ड. चौघंही उत्तम वाजवणारे, आधी वेगवेगळे ऐकलेले. आणि कार्यक्रम पार झोपला. मध्यंतरात मुलीला घेऊन स्टेजजवळ गेले (ती ड्रम शिकते, तिला किट बघायचं होतं), तर सतारिये बिचारे ध्वनीवाल्याला हात जोडत होते. त्यांच्या समोरचा मॉनिटर स्पीकर बंद. म्हणजे आम्हाला सगळं ऐकू येत होतं, पण त्यांना ड्रम ऐकू येत नव्हते आणि ड्रमवाल्याला सतार. मग काय करणार? प्रत्येक जण आपलं पाठ केलेलं वाजवून मोकळा. शेवटी दोघंही समेवर वेगवेगळे आले, पाव मात्रेने. मुलीला कळलं, ती फिस्सकन हसली.

तेव्हा मेहुण्यांच्या प्रश्नाची दुसरी बाजू अशी की एकमेकांना ऐकूच येत नसेल तर सगळं ठरलेलंच उरतं. तिकिटाचे पैसे मी मॉनिटरसाठी दिले असते.

तिरकिट

मंजिरीताई, हे सगळ्या आयोजकांच्या दारावर चिकटवा.

परळ_व्हाया_चिंचपोकळी

हलगीवाल्यांनी तोंड उघडलंच आहे तर आमच्या बेंजोचं पण घ्या. विसर्जनाला ट्रॉलीवर बेंजो पार्टी. पुढे बेंजोवाला, टायपरायटरसारखी बटणं आणि तारा, थेट भोंग्याला जोडलेला. मागे ढोल, ताशा, पॅड, खुळखुळा. गायक नाही, गाण्याचे शब्द पब्लिकच्या डोक्यात. ठरलेलं काहीच नसतं. गल्लीच्या तोंडाशी कोळीगीत, चौकात नाचणारे वाढले की बेंजोवाला नुसतं डावीकडे बघतो, ताशावाला घाई वाढवतो, चाल तिथल्या तिथे बदलते. समोरून दुसरी पार्टी आली की खुन्नस. सिग्नलवर उभे राहून अर्धा तास सवाल-जवाब. वामनकाका, इथे कुठे लपणार सांगा, ट्रॉलीवर पाठ टेकायला जागा नसते.

वामनपंडित

ट्रॉलीवर मी बसणार नाही, पण आमच्या गल्लीतून जाते तेव्हा खिडकीत येऊन बघतो हे कबूल.

सौ_रुचिरा

वाद्यं, सवाल, जवाब सगळं ठीक. माझ्यापुढच्या माणसाने शक्तीचा आख्खा कार्यक्रम मोबाइल डोक्यावर धरून चित्रित केला. मी झाकीरभाईंना त्याच्या साडेसहा इंची पडद्यावर पाहिलं. त्याला तो कुरैप्पु का काय तो टिपायचा होता म्हणे, आणि नेमकं तेव्हा त्याला घरून फोन आला, 'दूध आणायचंय का?'

बे_एरियातला_बंड्या

रुचिराताई, डेडच्या रेकॉर्डरवाल्यांना वेगळी जागा दिली त्यामागचं एक कारण तेच. ध्वनी-टेबलाच्या पुढे त्यांचे दांडे इतरांच्या आड यायचे.

लोणावळा_लोकल

थोडक्यात अहवाल. मेहुण्याला धागा पाठवला. त्याचं म्हणणं, "सांगाडा ठरलेला असतो हे सगळ्यांनी मान्य केलंय, म्हणजे मी जिंकलो." माझं म्हणणं, मधलं मोकळं असतं हेही सगळ्यांनी मान्य केलंय, म्हणजे मी. बहिणीने दोघांकडून पैसे घेऊन एकटीने मिसळ खाल्ली.

तिरकिट

मला वाटतं तुम्ही दोघंही दोन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडताय. एक ओळखायची खूण देतो. सगळे मिळून एकदम पळतात ती ओळ बांधलेलीच असते, तिला पर्याय नाही. एकटा चाललेला असतो तेव्हा ती मोकळी असू शकते, पण खात्री नाही, बेरकी लोक एकट्याचंही पाठ वाजवतात. खरं कळतं ते दुसऱ्याकडे बघून. जो वाजवत नाहीये त्याच्या चेहऱ्याकडे बघा. त्याला पुढचं माहीत असेल तर तो पाणी पितो, माईक हलवतो. माहीत नसेल तर हलत नाही.

गोंयकार_बास

हे शंभर टक्के.

लोणावळा_लोकल

अरे हो! त्या सवाल-जवाबाच्या वेळी मॅकलॉफ्लिन हातातली गिटार तशीच धरून त्या दोघांकडे टक लावून बसला होता. आणि हसला तेव्हा सभागृहाच्या आधी हसला.

चिंगूस (फेब्रुवारी २०२४)

धागा वर काढतोय. शक्तीच्या नव्या अल्बमला ग्रॅमी. झाकीरभाईंना एका रात्रीत तीन, बाकीची दोन बेला फ्लेक, एडगर मेयर आणि राकेश चौरसियांबरोबरची. राकेशजींचं विशेष अभिनंदन, बासरीला कोणी विचारत नाही या धाग्यावर.

मैलापूरची_मावशी

अभिनंदन! त्या अल्बममध्ये यू. श्रीनिवासच्या आठवणीतली चीज आहे, म्हणून मी आधी ती लावली. मॅन्डोलिन कर्नाटक संगीतात आणणारा पोरगा, पंचेचाळिसाव्या वर्षी गेला, २०१४ मध्ये. त्याच्यासह जी शक्ती होती ती मी चेन्नईत ऐकली आहे. त्याच्या आणि मॅकलॉफ्लिनच्या जागा एकमेकांत अशा मिसळायच्या की डोळे मिटले तर वाद्य ओळखू यायचं नाही.

वामनपंडित

मी अल्बम ऐकला. दोनदा. स्टुडिओतला असल्यामुळे फार घासून-पुसून केलेला वाटला. त्यापेक्षा १९७५ चा पहिला, कॉलेजातल्या मैफिलीचा, तो खरा. तीनच चिजा, त्यातली शेवटची जवळपास अर्ध्या तासाची.

चिंगूस

थांबा थांबा. वामनकाकांनी शक्तीची जुनी तबकडी ऐकली आहे? 'टाळ्या वसूल करण्याचा हुकमी मार्ग' म्हणणारे वामनकाका?

वामनपंडित

ती मैफील आहे, जॅम नव्हे.

परळ_व्हाया_चिंचपोकळी

हा हा हा. ट्रॉलीवर चढले काका.

तिरकिट (डिसेंबर २०२४)

उस्ताद झाकीरभाई गेले. पंधरा तारखेला, सॅन फ्रान्सिस्कोत. लिहायला काही सुचत नाहीये. आज क्लासला गुरुजींनी काही शिकवलं नाही, सगळ्यांनी मिळून अर्धा तास नुसता साधा ठेका वाजवला.

बे_एरियातला_बंड्या

इथे सगळे सुन्न आहेत. माझ्या ऑफिसातला एक डेडचा चाहता आला आणि म्हणाला, तुमचा माणूस गेला. मी म्हटलं, तुमचाही.

सौ_रुचिरा

मोबाइलवाल्याच्या पडद्यावर का होईना, पाहिलं होतं. आता त्याचा राग येत नाही. त्याच्याकडे ते चित्रीकरण असेल.

हलगीवाला_वाईचा

लई मोटा मानूस. आमच्या आजोबांना रेडिओवर त्येंचा तबला आवडायचा, म्हनायचे ह्यो ढोलकी पन वाजवल.

मंजिरी_के (मार्च २०२५)

मूळ प्रश्नावर थोडं. मुलीच्या ड्रम क्लासच्या कार्यक्रमात शेवटी 'जॅम' ठेवला होता. सरांनी सगळ्यांना आधी काय वाजवायचं ते नीट लिहून दिलं. तिने कागद घरीच ठेवला, मुद्दाम. घरी येऊन म्हणाली, मी तर शेजारच्या मुलाचं ऐकून वाजवलं. शेजारचा मुलगा कागद बघून वाजवत होता. आता सांगा, हे किती टक्के ठरलेलं?

लोणावळा_लोकल

मेहुण्याला विचारलं. तो म्हणतो शंभर टक्के. बहीण म्हणते पन्नास. मी मतदानात नाही.

चिंगूस

मिसळ कुठे ठरलीय?

नवीन_सभासद_४२

नमस्कार, इथे पहिलाच प्रतिसाद, सगळा धागा वाचून काढला. परळ व्हाया चिंचपोकळी, तुमच्या ओळखीत चांगली बेंजो पार्टी आहे का? मे महिन्यात भावाचं लग्न आहे, वरात विक्रोळीला. वहिनींच्या माहेरचे कच्छी बाजा आणतायत, आपल्याला उत्तर द्यायला माणसं पाहिजेत.

परळ_व्हाया_चिंचपोकळी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा. पण तारीख लवकर कळवा, आणि कच्छीवाले किती जण आहेत ते पण.